मलाकालला निघण्याआधी

दक्षिण सुदानमधल्या मलाकाल शहरी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, इंजिनिअर कंपनीतून निघालेल्या आपल्या पोरांसाठी हे लिहितोय. गणवेश, लसी, हत्यारं यांची यादी युनिट देईलच. मला सांगायचंय ते लढाईत उठलेली गावं पुन्हा वसवण्याच्या कामाबद्दल.

सगळ्यात आधी महिने मोजा. तिथे पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, त्यानंतर जमीन वाळायला वेळ लागतो. म्हणजे रस्त्यासाठी हातात राहतात डिसेंबर ते एप्रिल. ग्रेडर आणि डोझरचे फिल्टर, बेल्ट, हायड्रॉलिकचे पाइप नोव्हेंबरातच मोजून घ्या, ऐन हंगामात एखादा पाइप फुटून मशीन उभं राहिलं तर त्या गावाचं वर्ष जातं. माती तुमच्या ओळखीची आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी, उन्हात भेगाळणारी, पाण्यात फुगणारी. ओली मूठभर दाबून बघा, बोटांच्या फटीतून लोण्यासारखी निघते आणि हात धुतले तरी नखांत राहते. तिच्यावर तीच माती ओढून रोलर फिरवलात तर पहिल्या मोठ्या पावसात ट्रक रुतणार. मुरूम लागतोच. तिकडेही त्याला मरमच म्हणतात, पण मलाकालच्या आसपास तो सहज मिळत नाही. कुठून आणायचा, नाईलवरच्या बार्जमधून की ट्रकने, हे कागदावर आल्याशिवाय गावाला शब्द देऊ नका. मोऱ्या आणि कडेच्या चऱ्या शेवटी करू म्हणून ठेवू नका.

सुरुंग काढणाऱ्या पथकाने मोकळा केल्याशिवाय कुठलाही पट्टा खणायचा नाही, मुरमाची नवी खाण तर नाहीच. रंगवलेल्या दगडाची पांढरी बाजू सुरक्षित, लाल बाजूला धोका, हे ड्रायव्हरपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना पाठ हवं. बंदोबस्ताशिवाय कॅम्पबाहेर पडू नका. ९ एप्रिल २०१३ ला गुमुरुकजवळ ताफ्यावर हल्ला झाला, त्यात आपले पाच जवान गेले.

डिसेंबर २०१३ ला सुरू झालेल्या यादवीत मलाकाल कित्येकदा या हातातून त्या हातात गेलं. शिल्लुक, डिंका, नुएर, सगळ्यांची घरं जळाली आहेत. म्हणून नकाशावर रस्त्याची रेघ ओढण्याआधी तो कुणाच्या दारावरून जातो आणि कुणाला वगळतो हे विचारा. एकाच मुखियाकडे चहा पिऊन उठू नका. मजूर सगळ्या जमातींतले घ्या, दुभाषेही. हे काम कंटाळवाणं आहे, बैठका लांबतात, पण माझ्या मते मशीनपेक्षा जास्त वेळ याच कामाला द्यायला हवा.

सोबत भारतीय पशुवैद्य असतील तर त्यांच्या शीतपेट्या आणि बर्फाची सोय तुमच्या सामानात धरा, लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. तिथे लग्न ठरतं ते गाई देऊन, तंटा मिटतो तोही गाई देऊन. लढाईत गोठा गेलेल्या माणसाची उरलेली चार जनावरं वाचली तर तो गावी परततो.

आता हातपंप. तिथे जागोजागी दिसतो तो इंडिया मार्क टू. त्याची मूळ घडण सोलापूर पंपावरून आली, हे तिथल्या बायांना जरूर सांगा, बोलायला छान निमित्त होतं. बंद पडलेल्या पंपात बहुतेक वेळा झिजलेला वायसर, तुटलेली साखळी नाहीतर गंजलेली दांडी निघते. नवी बोअर मारण्याच्या मोहाआधी हे सुटे भाग पेटीभर न्या, आणि पान्यांचे दोन संच जादा. पंप आपल्या जवानांनी पटकन दुरुस्त करून निघून यायचं नाही. गावातल्या दोन बायांना सगळा पंप स्वतःच्या हातांनी खोलायला लावा, वायसर बदलायला लावा, पाणी येईपर्यंत आपण बाजूला उभं राहा. पहिल्यांदा दोन तास जातील, जाऊ द्यात.

वर्षभराने दुसरी तुकडी येईल. तिच्या हाती द्यायच्या वहीत प्रत्येक पंपासमोर लिहा: वायसर कधी बदलला, किती शिल्लक आहेत, पाना कुणाच्या घरी ठेवलाय.