उजेड भरपूर, तरी फोटो फसतो: नवशिक्यांनी या चुका टाळा

चेहरा काळवंडला, आभाळ पांढरं पडलं की पहिला संशय मोबाईलवर किंवा लेन्सवर जातो. गडबड बहुधा त्याच्या आधीच झालेली असते. उजेड किती आहे एवढंच आपण बघतो. तो कुठून येतोय आणि किती मोठ्या जागेतून येतोय, हे बघायचं राहून जातं.

भर दुपारी उघड्यावर चेहरे टिपणं

बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात इथला सूर्य दुपारी थेट माथ्यावर येतो. तेव्हा घड्याळात बारा नाही, साडेबाराच्या आसपास वाजलेले असतात, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून आठ अंश पश्चिमेला आहोत. या उन्हात कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक होतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. राजहंसगडाच्या तटावर काढलेले ग्रुप फोटो इथेच मार खातात.

घड्याळापेक्षा सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे. चेहरे उघड्यावर नकोत. मेमध्ये ही स्थिती साधारण सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत टिकते, डिसेंबरात मात्र अकरा ते दोन एवढीच. थंडीतले फोटो बरे येतात, त्यात हाही हिशेब असतो.

दुपारीच काढायचा असेल तर घराचा सोपा (ओसरी) वापरा. माणसाला पागोळीच्या रेषेच्या हातभर आत बसवा, तोंड अंगणाकडे. आता चेहऱ्यावर पडतो तो उन्हाचा झोत नसून समोरचं आभाळ आणि तापलेलं अंगण यांचा पसरट उजेड. मागे घराचा अंधार आपोआप काळा पडदा होतो. तुम्ही अंगणात उभे राहा, पण अगदी समोर चिकटून नको, नाहीतर तुमचीच आडोशी सावली चेहऱ्यावर येईल. माणूस सहा-सात फूट आत गेला की उजेड झपाट्याने उतरतो आणि मोबाईल फोटो रवाळ करून टाकतो. चिंचेखालची सावली गार असते, पण फोटोला घातक: एक कवडसा गालावर, एक दातांवर. पूर्ण सावली मिळत नसेल तर त्यापेक्षा भिंतीचा आडोसा बरा.

दिशा समजत नसेल तर खिडकीशी एक बटाटा ठेवा. त्याच्याभोवती फिरत चार बाजूंनी फोटो काढा. खिडकी बाजूला असताना बटाट्याचे डोळे आणि खाचखळगे उठून दिसतात, खिडकी तुमच्या पाठीशी असताना तोच चपटा होतो. चेहऱ्याचंही हेच.

मीटरवर आंधळा विश्वास

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी किती उजेड घ्यायचा ते, लावतो. म्हणून फ्रेमभर पांढरे फेटे आणि सदरे असले की ते मळकट येतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१ करा. किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बस्तीचा काळसर दगड टिपताना उलट होतं: कॅमेरा तो उजळवत नेतो, दगड करडा दिसतो आणि दारातून येणारा उजेड फुटून जातो. तिथे −१. मोबाईलवर महत्त्वाच्या जागी बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याची खूण खाली-वर सरकवा. उन्हात स्क्रीनकडे बघून निर्णय घेऊ नका. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख) उजव्या, म्हणजे उजळ कडेला चिकटलाय का तेवढं बघा.

सूर्य नेहमी पाठीशी ठेवणं

सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायचा, हा जुना सल्ला गुऱ्हाळात हमखास फसवतो. काहिलीतून उसळणारी वाफ समोरून उजेड पडला की दिसतच नाही. वाफेचे बारीक थेंब उजेड पुढच्या दिशेने जास्त फेकतात, म्हणून सूर्य वाफेच्या पलीकडे हवा आणि तुम्ही अलीकडे. सकाळी आठच्या सुमारास, ऊन पत्र्याखालून तिरपं आत शिरत असताना, काहील तुमच्या आणि उजेडाच्या मध्ये येईल अशी जागा शोधा. वाफेच्या मागे आभाळ नको, अंधारा कोपरा हवा; पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार? सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर ठेवा आणि लेन्सवर टोपीची सावली धरा, म्हणजे फोटोवर धुकं चढत नाही. त्याआधी काच पुसा. गुळाच्या वाफेने ती चिकट झालेली असतेच. गुळव्याचा चेहरा दिसायला हवा असेल तर +१ द्या, नुसती आकृती हवी असेल तर −१.

गोकाकला पाणी रेशमी येत नाही

सुमारे ५२ मीटरच्या या धबधब्यावर शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की फोटो पांढरा होतो, ही नेहमीची तक्रार. गणित सोपं आहे. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ (लेन्सचं बारीक छिद्र) ला शटर साधारण १/१२५ सेकंद लागतं. दाट ढगाळीत उजेड तीन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे १/१५. वर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच) लावला की अर्धा सेकंद मिळतो. तिपाई मात्र हवीच.

रंगीत उजेडाशी व्हाइट बॅलन्सने भांडणं

निळ्या ताडपत्रीच्या मांडवात सगळे निळे, लाल कापडाखाली सगळे लाल. एकाच रंगाचा उजेड असेल तर व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा दुरुस्त करणारी सेटिंग) बराच सावरतो. एका गालावर मांडवाचा रंग आणि दुसऱ्यावर ट्यूबलाइट असेल तर कोणताही आकडा दोन्ही गाल जुळवत नाही. माणसाला मांडवाच्या कडेला आणा किंवा एक दिवा बंद करायला सांगा.

शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत रात्री दुसरा त्रास: फोटोवर आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० ठेवा, पट्टे राहिले तर १/५०. आयएसओ ३२०० ला घाबरू नका. दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही. लाल-निळ्या एलईडीखाली चेहरा रंगाचा सपाट डाग होत असेल तर एक्स्पोजर −०.७ करा आणि रथ रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्याखाली येईपर्यंत थांबा. मिरवणूक रात्रभर चालते, घाई कशाला.