अंड्याचा पहिला ट्रे शाळेत पोचण्याआधी

मोखाडा-जव्हारकडच्या पाड्यांवरची कितीतरी मुलं सकाळी नुसता कोरा चहा पिऊन शाळेची वाट धरतात. परिपाठाला उभं असताना एखादं पोर मटकन खाली बसतं, आणि गुरुजींना विचारावंसुद्धा लागत नाही की घरून काय खाऊन आलास. शालेय पोषण आहाराची खिचडी मिळते ती दुपारी. मधल्या दोन-तीन तासांसाठी आठवड्यातून तीन दिवस उकडलेलं अंडं आणि उरलेल्या दिवशी नागलीची (नाचणीची) पेज किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू द्यायचा, असं काम आम्ही देणगीच्या पैशावर करतो. असंच काम सुरू करायचं म्हणून बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी ही तयारी, ज्या क्रमाने करावी लागते त्याच क्रमाने.

पहिलं काम पैशांचं, आणि त्यात घाई अजिबात नको. पूर्ण शैक्षणिक वर्षाची रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय एकही अंडं उकडू नका. आम्ही एका वर्षी देणगीदाराच्या शब्दावर जूनमध्ये सुरुवात केली. दिवाळीनंतरचा हप्ता आलाच नाही आणि जानेवारीत नाश्ता बंद पडला. पुढचे आठ दिवस पहिली-दुसरीची मुलं वेळ झाली की ताटली घेऊन ओट्यावर येऊन बसायची. ते पाहिल्यापासून आमच्याकडे हा नियम झाला. हिशेब अवघड नाही. पटावर 85 मुलं असतील तर 90 अंडी, म्हणजे तीन ट्रे धरा. आठवड्याला तीन दिवस, वर्षात साधारण 36 आठवडे, म्हणजे 9,720 अंडी. अंडं 7 रुपयांना धरलं तर 68,040 रुपये नुसत्या अंड्यांचे. त्यावर नागली, गूळ, शेंगदाणे, गॅस, गाडीभाडं, फुटतूट आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांचं मानधन. हा वरचा खर्च देणगीदाराला पहिल्याच भेटीत सांगा. ‘आमचा प्रत्येक रुपया मुलाच्या पोटात गेला पाहिजे’ असं म्हणणारे लोक मनाने चांगले असतात, पण अंडी घाट चढून आपोआप येत नाहीत आणि चुलीपाशी कुणीतरी बाई उभी असते, हे त्यांना समजावणं आपलं काम आहे.

पावत्या आधी छापून घ्या. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आणि 12 ए, 80 जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीच्या नोंदण्या जागेवर आहेत ना ते बघा. 2,000 रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला आयकर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. परदेशातल्या मराठी मंडळींचे फोन येतात, त्यांना एक प्रश्न न लाजता विचारा: पासपोर्ट भारताचा आहे का? असेल तर नेहमीच्या बँकमार्गाने आलेली त्यांची देणगी परकीय धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असेल, तर एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक डॉलरही घेता येत नाही, मग तो माणूस गावातल्या कुणाचा सख्खा पुतण्या का असेना.

आता परवानगी. सरकारी आहाराच्या जागी आपला आहार आणायचा नाही, त्याला जोड द्यायची आहे, हे पत्रात पहिल्याच ओळीत लिहा. 28 नोव्हेंबर 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून शाळेत शिजवलेलं अन्न मिळणं हा मुलांचा हक्क झाला आहे. पहिली ते पाचवीला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं ही सरकारची जबाबदारी. आपण अंडी देतो म्हणून तिकडची डाळ पातळ झाली तर आपण मुलांचं नुकसानच केलं. राज्यात नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, जानेवारी 2025 मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून करा असं शाळांना सांगितलं गेलं. त्यामुळे आज मुख्याध्यापक तुमचं स्वागतच करतील. तरीही शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र आणि त्याची पोच हे तिन्ही कागद फाइलला लागल्याशिवाय पुढे जाऊ नका. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया. ठराव त्यांच्यासमोर वाचून दाखवा, नुसत्या सह्या घेऊ नका.

त्याच बैठकीत माळकरी घरांची चौकशी करा. आपल्याला बाहेरून वाटतं की आदिवासी पाडा म्हणजे सगळे अंडं खाणारे. तसं नाही. वारकरी पंथाची माळ घातलेली घरं इथे आहेत आणि ती माळ ते मनापासून पाळतात. त्या मुलांना केळी द्या, पण पंगत एकच ठेवा. अंडंवाले इकडे, केळंवाले तिकडे असं एकदा बसवलं की मुलं तेवढंच शिकतात. स्वयंपाकी निवडतानाही हेच भान ठेवा. कोणत्या घरच्या बाईच्या हातचं कोण खाणार नाही, अशी कुजबुज झालीच तर तिला उत्तर द्यायला मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष पहिल्या दिवशी त्याच पंगतीत जेवायला बसतील, हे आधी ठरवून घ्या.

मुलं मोजताना नुसता हजेरीपट बघू नका. मोठ्या मुली धाकट्यांना सोबत आणतात, कारण आई मजुरीला गेलेली असते. तिसरीतली मुलगी आपलं अंडं दोऱ्याने मधोमध कापून अर्धं भावाला देते, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. तिला ‘तू तुझं खा’ म्हणून सांगणं बरोबर नाही. त्या धाकट्याचं अंडं आपल्याच मोजणीत हवं. 85 ला 90 धरली ती यासाठी. अशी चार-पाचाहून जास्त धाकटी येत असतील तर चौथा ट्रे लावा. अंगणवाडी सेविकेकडूनही नावं घ्या, म्हणजे तिथलं मिळतंय का तेही कळतं.

स्वयंपाकघराची तयारी हा सगळ्यात नाजूक भाग, इथे दोन दिवस जास्त लागले तरी लागू देत. 16 जुलै 2013 ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून 23 मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या स्वयंपाकीण ताईला सांगतो, घाबरवायला नाही, तर कोठीत फवारणीचं औषध, खत, फिनेल यातलं काहीही एका रात्रीपुरतंसुद्धा ठेवू नये म्हणून. तेल सीलबंद पिशवीतलं घ्या, सुटं नको. औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरण्याची सवय खेड्यात आहे, ती शाळेच्या उंबऱ्याआतच नको. चव घेण्याची वही आधी आखून ठेवा. आधी ताई, मग शिक्षक, आणि अर्ध्या तासानंतर मुलं. वहीत वेळ आणि सही. रोजच्या अन्नाची एक वाटी झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवा.

अंडी आणताना तारीख विचारा, तडकलेलं बाजूला काढा, पाण्यात तरंगणारं फेकून द्या. उकळी फुटल्यावर दहा-बारा मिनिटं, आणि त्याच सकाळी खाऊन संपली पाहिजेत. उकडलेलं अंडं घरी न्यायला देऊ नका, उन्हात, खिशात ते दुपारपर्यंत टिकत नाही. शेंगदाण्याचं पावसात खास बघा. कुबट वास, काळसर डाग, हिरवी बुरशी दिसली की सगळं पोतं परत करा, निवडून वापरू नका, कारण बुरशीचं विष भाजून जात नाही. धान्य जमिनीवर नको, फळ्यांवर, झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा, घुशी सिमेंटची पिशवीसुद्धा फोडतात. नागली गावातल्या शेतकऱ्यांकडूनच घ्या. पैसा पाड्यावरच राहतो, आणि मुलाला घरचं ओळखीचं धान्य शाळेच्या ताटात दिसतं.

पाणी आणि वाट या दोन गोष्टी ऋतूप्रमाणे ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये ओहोळाला पाणी चढलं की गाडी येत नाही, म्हणून चार दिवसांचा कोरडा शिधा, शेंगदाण्याचे लाडू आणि भरलेला जादा सिलेंडर मेच्या शेवटीच वर पोचवा. मार्चनंतर विहिरी आटतात. हात धुवायच्या पाण्याचा पिंप वेगळा ठेवा आणि त्याला तोटी लावा, तांब्या बुडवायला देऊ नका. साबण जाळीत बांधून टांगा.

वजन-उंची जूनमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा घ्या, जंतनाशक गोळी चुकली नाही ना ते बघा, आणि फार अशक्त मूल दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. अंड्याने कुपोषण जात नाही, त्याला दवाखाना लागतो. देणगीदाराला सहा महिन्यांत वजनं वाढवून दाखवतो असं वचन देऊ नका. हजेरी दाखवा, ती खरी बोलते.

देणगीदार भेटीला येणार असतील तर त्यांना दोन गोष्टी आधी कळवा. भाषण झालंच तर खाण्यानंतर, गरम अन्न समोर ठेवून मुलांना थांबवायचं नाही. आणि ताट हातात घेऊन उभ्या मुलाचा, मागे फलक लावलेला फोटो निघणार नाही. फोटो हवेत तर स्वयंपाकघराचे, वहीचे, दूरून पंगतीचे घ्या, तेही पालकांना विचारून. मूल जेवताना कुणाचे उपकार आठवत बसावं, अशी आपली इच्छा नाही.

शेवटचा कागद स्थलांतराचा. दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पट 85 चा 60 वर येतो. अंडीवाल्याला मागणी त्याच आठवड्यात कमी करून सांगा, नाहीतर ट्रे पडून राहतात. वाचलेले पैसे दुसरीकडे वळवू नका, मेमध्ये लागतील. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मिळालं का ते बघा, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येईल आणि तिथली खिचडी मिळेल. कोण कुठल्या भट्टीवर गेलं ते वहीत लिहून ठेवा. होळीच्या आठवड्यात मात्र मागणी परत पूर्ण 90 ची लावा. ती मुलं सणाला गावी येतात आणि चार दिवस का होईना, आपल्या जुन्या जागेवर येऊन बसतात.