जुन्या रंगीत फोटोंचा उडालेला रंग परत कसा आणावा: हिस्टोग्राम आणि लेव्हल्स

घरच्या अल्बममधले १९७०-८० च्या दशकांतले रंगीत फोटो बाहेर काढा. बहुतेकांचं दुखणं एकच असतं. सगळा फोटो लालसर-पिवळट, काळे केस तपकिरी, आजोबांची पांढरी टोपी मळकी. मग आपण ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि हाती येतो तो आधीपेक्षा भडक लाल फोटो. याचा खरा इलाज लेव्हल्समध्ये, म्हणजे फोटोतले काळे-पांढरे टोक आणि मधला उजेड ठरवणाऱ्या साधनात आहे. त्या नीट वापरायच्या तर आधी हिस्टोग्राम वाचता यायला हवा. इथे गिम्प हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर धरून सांगतो, कारण ते फुकट मिळतं. फोटोशॉपमध्ये थोड्याफार फरकाने हेच चालतं.

हिस्टोग्राम काय सांगतो

८ बिटच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. ओळीने २५६ डबे मांडून प्रत्येक पिक्सेल आपापल्या आकड्याच्या डब्यात टाकला, तर कुठल्या डब्यात किती भर पडली त्याचा आलेख म्हणजे हिस्टोग्राम. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. फोटोत काय आहे, कोण कुठे उभं आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

आलेख मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता असला म्हणजे फोटो चांगला, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. पणत्यांचा रात्रीचा फोटो डावीकडेच गोळा होणार, आणि ते बरोबरच आहे. बघायची ती दोन टोकं. टोकाकडची जागा रिकामी असेल तर फोटोत खरा काळा किंवा खरा पांढरा नाही. टोकाच्या भिंतीला चिकटून उंच रेघ उभी असेल तर तिथला तपशील गेलेला आहे, आणि गेलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत देत नाही.

स्कॅन करताना

स्कॅनरमधली आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद करा. रंगाला ४८ बिट, म्हणजे प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा यांतल्या एकेका रंगाला) १६ बिट, हा पर्याय असेल तर तो घ्या आणि फाइल टिफ (TIFF) या प्रकारात ठेवा. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. पुढे आपण आलेख ताणणार आहोत, तेव्हा ही शिल्लक कामाला येते. गिम्पची २.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती असल्या फाइली १६ बिटमध्येच हाताळते.

मग फोटोभोवतीची पांढरी किनार आणि स्कॅनरच्या झाकणाचा दिसणारा भाग कापून टाका. ही पायरी हमखास राहून जाते. त्या किनारीमुळे आलेखाच्या उजव्या टोकाला एक खोटा सुळका उभा राहतो आणि चित्रात नसलेला पांढरा आहे असं वाटतं. किनार घरच्यांना हवी असेल तर तेवढी प्रत वेगळी ठेवा.

चॅनल एकेक करून

कलर्स मेनूतून लेव्हल्स उघडा. वरच्या चॅनलच्या यादीत ‘व्हॅल्यू’ (तिन्ही चॅनल एकत्र) निवडलेलं असेल. तिथे काहीही हलवू नका. यादीतून लाल, हिरवा, निळा असे एकेक चॅनल निवडून नुसते बघा. उडालेल्या फोटोत, ० ते २५५ च्या मापात, साधारण असं दिसतं: लालचा आलेख ७० ते २४०, हिरव्याचा ४५ ते २१५, निळ्याचा ५० ते १८०.

हे आकडे असे का? रंगीत छपाईच्या कागदात सायन (हिरवट निळा), मजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या बऱ्याच कागदांत अल्बममध्ये बंद असूनही सायन आधी विटायचा. सायनचं काम लाल उजेड शोषून घेण्याचं. तोच फिका पडला की काळ्या केसांतूनही लाल उजेड परत येतो, म्हणून लाल चॅनल डावीकडे ७० च्या खाली उतरतच नाही. कागद पिवळा पडल्यावर पांढऱ्या भागातून निळा उजेड कमी येतो, म्हणून निळा चॅनल उजवीकडे १८० लाच थांबतो. तीन चॅनल तीन तऱ्हेने बिघडलेले असताना सगळ्यांना एकच औषध लागू पडणार नाही.

आता आलेखाखालचे त्रिकोण. लाल चॅनलमध्ये काळा त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो तिथे, ७० च्या आसपास आणा. पांढरा २४० च्या आसपास. याचा अर्थ ७० आता ० झाला, २४० झाला २५५, आणि मधले आकडे त्या प्रमाणात पसरले. हिशोब सोपा आहे. मूळ १५५ असलेला पिक्सेल (१५५ − ७०) ÷ १७० × २५५, म्हणजे १२७.५, १२८ च्या घरात येतो. हिरव्या आणि निळ्या चॅनललाही त्यांच्या त्यांच्या टोकांप्रमाणे असंच करा. पहिला चॅनल हलवल्यावर फोटो विचित्र दिसेल, घाबरू नका. तिसरा झाल्यावर रंग जागेवर येतात.

त्रिकोण अगदी आलेखाच्या आत ढकलू नका. टोपीकडे मोठं करून बघा. घड्या दिसत असतील तर ठीक, सपाट पांढरा डाग झाला असेल तर पांढरा त्रिकोण मागे घ्या. अंधाराच्या बाजूला हीच तपासणी केसांवर करा. फोटोशॉपमध्ये आल्ट दाबून त्रिकोण ओढला तर कुठे तपशील कापला जातोय ते पडद्यावर थेट दिसतं.

मधला त्रिकोण

टोकं बसल्यावरही चेहऱ्यावर हिरवट किंवा जांभळट झाक राहिली, तर ती मधल्या त्रिकोणाचं काम. त्याची किंमत १.०० पासून सुरू होते. वाढवली की त्या चॅनलचे मधले उजेड वाढतात, टोकं हलत नाहीत. चेहरा हिरवट असेल तर हिरव्या चॅनलमध्ये ०.९५ करून बघा. शेवटी परत ‘व्हॅल्यू’वर या आणि याच त्रिकोणाने सगळा फोटो हवा तेवढा उजळ करा. ब्राइटनेसचा दांडा लागत नाही.

‘ऑटो’ बटण कधी टाळावं

ऑटो इनपुट लेव्हल्स हे बटण साधारण वरचंच काम करतं, फक्त न बघता. फोटोत खरा काळा आणि खरा पांढरा होता, अशी खात्री असेल तर खुशाल दाबा. पण जेजुरीत भंडारा उधळतानाच्या फोटोत निळा उजेड मुळातच कमी असतो. बटणाला ते बिघाड वाटतं, ते निळा ताणतं आणि पिवळाधमक भंडारा फिका करून टाकतं. पावसाळ्यातल्या गडाच्या फोटोचंही तसंच. धुक्यात ठार काळं काही नसतंच. दोन्ही टोकं भिंतीला टेकवली की धुकं विरतं आणि मागे उरतो एक रुक्ष डोंगर. अशा वेळी काळा त्रिकोण अर्ध्या वाटेवर सोडावा.

काम झाल्यावर हिस्टोग्राम पुन्हा उघडलात आणि ८ बिटमध्ये काम केलं असेल, तर त्यात मधे मधे रिकाम्या फटी दिसतील. निळ्या चॅनलचे १३० आकडे २५५ पर्यंत ताणल्यावर त्या पडणारच. आकाशात किंवा मागच्या भिंतीवर पट्टे दिसत नसतील तर फटींकडे दुर्लक्ष करा. निळ्या चॅनलमध्ये दाणेदारपणाही सगळ्यात जास्त वाढतो. तो खुपला तर निळ्याचा पांढरा त्रिकोण थोडा सैल सोडा, किंचित पिवळेपणा राहिला तरी चालेल. मूळ स्कॅनवर मात्र कधीच सेव्ह करू नका. नातेवाइकांना पाठवायला जेपीईजी वेगळी काढा.