‘प्रति’चा रकाना: अमेरिकेचं स्वातंत्र्य मुलांना शिकवताना

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा धडा घेताना फळ्यावर आधी सनावळी लिहू नका. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मुलं इतिहास शिकायला येतात. घरी मराठी, शाळेत गुजराती. त्यांना मी पहिल्याच दिवशी एक मोठा कागद देते आणि तीन रकाने आखायला सांगते: साल, मागणी आणि ‘प्रति’. अर्जाच्या डोक्यावर लिहितो तोच ‘प्रति’. हा तिसरा रकाना नीट भरला की इंग्लंडच्या अमेरिकेतल्या १३ वसाहती गाऱ्हाण्यापासून फारकतीपर्यंत कशा गेल्या, ते मुलं आपणहून सांगतात.

सुरुवात १७६५ पासून करा. सात वर्षांच्या युद्धाने इंग्लंड कर्जात बुडालं होतं. त्यातला काही भार वसाहतींवर टाकायला स्टँप ॲक्ट आला. वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर. ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. त्यांचे अर्ज गेले राजाला, आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांना, म्हणजे लॉर्ड्सना आणि कॉमन्सना. तिन्ही नावं रकान्यात लिहायला लावा. वेगळं व्हायची भाषा अजून नव्हती. पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही, मग तिने आमच्यावर कर कसा बसवायचा, एवढंच म्हणणं होतं. १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला, पण वसाहतींसाठी हवा तो कायदा करायचा हक्क आपल्याला आहे, असं पार्लमेंटने त्याच वेळी लेखी ठरवून टाकलं. मुलं हा भाग गाळतात. गाळू देऊ नका. पुढचं सगळं भांडण त्या हक्काचं आहे.

इंग्लंडचा अर्थमंत्री टाउनशेंड याने आणलेले नवे कर आणि १७७० चा बॉस्टनचा गोळीबार झटपट घ्या. चहापाशी मात्र थांबा. चहावरच्या कराला विरोध म्हणून १६ डिसेंबर १७७३ ला वसाहतीतल्या लोकांनी बॉस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या ३४२ पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. पुढे आपल्या गायकवाडांशी तह केले ते याच कंपनीने, हे ऐकल्यावर मुलं सरसावून बसतात.

शिक्षा म्हणून बॉस्टनचं बंदर बंद झालं. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला बारा वसाहती जमल्या, आणि या वेळी विनंतीअर्ज गेला फक्त राजाकडे. पार्लमेंट रकान्यातून गेली. माझ्या मते फारकत इथेच सुरू झाली: जिचा अधिकारच मान्य नाही, तिच्याकडे अर्ज कोण करणार? एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला इंग्रज फौजेशी झालेल्या चकमकीत रक्त सांडलं, तरी जुलैत राजाला आणखी एक विनंतीपत्र गेलं. ही ओळ मी सगळ्यात सावकाश शिकवते. लढाई पेटलेली असतानाही त्यांचे हात जोडलेले होते. राजाने पत्र स्वीकारलंच नाही, आणि ऑगस्टमध्ये वसाहतींनी बंड केल्याचं जाहीर केलं.

जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनच्या पुस्तिकेने राजेशाहीवरच घाव घातला. २ जुलैला बारा वसाहतींनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. न्यूयॉर्क तटस्थ राहिलं. ४ जुलैचा जाहीरनामा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. आरोपामागून आरोप ‘त्याने’ असा सुरू होतो, आणि तो म्हणजे राजा तिसरा जॉर्ज. पार्लमेंटचं नाव सबंध मजकुरात नाही. काल ज्याच्याकडे दाद मागितली, तो आज आरोपी. मग ‘प्रति’मध्ये काय लिहायचं? मुलांना विचारा. जाहीरनामा स्वतःच सांगतो: जग.

आता कागद उलटा करून मागे तेच रकाने आपल्या काँग्रेससाठी आखा. पहिली ओळ १८८५, सरकारकडे केलेल्या मागण्या. शेवटची २६ जानेवारी १९३०, गावोगावच्या सभांत लोकांनी घेतलेली पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा. मधल्या ओळी मुलांना शोधू द्या. मी त्या लिहून देत नाही.