उन्हाळ्यात कोंबडा आजारी पडला तर आधी काय करायचं

आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, आणि कोंबड्याला घाम येतच नाही, तो मुख्यतः तोंडाने धापा टाकून अंग गार करतो. त्यामुळे चोच उघडी, पंख अंगापासून लांब, डोळे अर्धे मिटलेले आणि तुरा निळसर किंवा पांढुरका दिसला की वाट बघत बसू नका. उचला आणि सावलीत आणा, बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळा.

घरात आणला तर खिडक्या उघड्याच ठेवा. बंद खोलीत कुलर लावला की हवा दमट होते आणि मग त्याच्या धापांचा काही उपयोग होत नाही. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं तर अजिबात नाही, एकदम गारठा बसला तर तो धक्का त्याला झेपत नाही. घमेल्यात नळाचं साधं पाणी घ्या, दहा मिनिटं फक्त पाय बुडतील एवढंच, पायाला पिसं नसतात म्हणून उष्णता तिथून लवकर निघते. तुऱ्यावर ओला रुमाल फिरवा.

आता पाणी पाजायचं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. शेजारच्या काकूंनी घाबरून चमच्याने सरळ घशात पाणी ओतलं आणि त्यांची कोंबडी गुदमरून गेली, कारण जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं. तुम्ही ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकच थेंब लावा आणि थांबा. आमचा राजा पहिले चार थेंब तसेच गळू देत होता, पाचव्याला जीभ हलली, मग हळूच मान वर करून गिळलं त्याने, मला तर रडूच आलं. मान टाकून पडला असेल, गिळतच नसेल तर पाजू नका, थेट डॉक्टरकडे न्या. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, दिवसभरात संपलं नाही तर फेकून द्या, आणि शेजारी साध्या पाण्याची वाटी पण असू द्या.

खाणं पहाटे आणि सूर्य कलल्यावर, भर दुपारी नको, पचवताना अंगात अजून उष्णता होते. पाण्यात कालवलेलं खाद्य, थोडं कलिंगड, उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो.

एकदा छाती चाचपून बघा हं. मधलं हाड सुरीसारखं हाताला लागलं तर तो बरेच दिवस खंगतोय, नुसतं ऊन लागलेलं नाही. हिरवी पातळ शीट, मान वाकडी होणं, लंगडणं असेल तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत या साथीच्या रोगाची शंका घ्या. अँटिबायोटिक मनाने देऊ नका, 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करून जनावरांच्या डॉक्टरला विचारा. आणि खुराड्यात एकापाठोपाठ एक पटापट मरायला लागल्या तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, लगेच सरकारी दवाखान्यात कळवा.

रोज शेपटीखाली बघायचं. पिसं शिटेने माखलेली असली की माश्या तिथे अंडी घालतात आणि उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात, कोमट पाण्याने धुवा, नीट कोरडं करा.

सकाळी किचनच्या काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. बरा वाटला, आरवायला लागला तरी लगेच कळपात सोडू नका, दुसरा कोंबडा अशक्त बघून टोचून टोचून रक्त काढतो, त्यामुळे आठवडाभर जाळीच्या अलीकडे ठेवा, एकमेकांना दिसतील असा.