शिष्यवृत्तीचं पोर्टल तपासायला बसलात तर

फोंड्याच्या एका कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. म्हणूनच असेल, मुलांच्या आर्थिक मदतीच्या अर्जांची नवी प्रणाली सुरू व्हायच्या आधी ती वापरून बघायला मला बोलावलं. एसी हॉल, पळणारं वायफाय, पुढ्यात लॅपटॉप. बनवणाऱ्या मुलांनी एक नमुना अर्ज हातात दिला. मी भरला, तो गेला, सगळ्यांनी चहा घेतला. अहो, सगळं बरोबर लिहिलेला अर्ज जाणारच! तसला अर्ज आमच्या टेबलावर येतो कधी?

तुम्हाला बोलावलं, तर आधी ऑफिसातली परत गेलेल्या अर्जांची वही काढा. मुलांची नावं सोडून फक्त कारणं उतरवून घ्या. तपासायची यादी तीच.

सुरुवात नावापासून करा. आपल्या गोव्यात नावाइतकी भानगड दुसऱ्या कशात नाही. एकाच घरातल्या गांवकरांचं रोमन स्पेलिंग आधारवर एक, बारावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावर तर तिसरंच, शेवटी 'के'च्या जागी 'सी'. देसाईंना एक 'एस' की दोन, हा वाद मामलेदाराकडेही मिटत नाही. ही तिन्ही स्पेलिंगं घालून बघा: प्रणाली नुसतीच 'नाव जुळत नाही' म्हणते, की कुठल्या कागदाशी जुळत नाही तेही सांगते? डि'सोझातला ॲपॉस्ट्रॉफी टाका. 'प्रभू देसाई'सारखं मधे जागा असलेलं आडनाव टाका. आडनावच नसलेली आई टाका. आम्ही बसलो तेव्हा ॲपॉस्ट्रॉफी दिला की 'फक्त अक्षरे लिहावीत' असं लाल अक्षरात यायचं. अर्ध्या सासष्टी तालुक्याला बाहेर ठेवलं की, म्हटलं!

आकडे भरताना एक पथ्य पाळा. खऱ्या मुलांचे आधार क्रमांक चाचणीत घालू नका, सोयीचं वाटलं तरी. मनाने बारा आकडे लिहून भागत नाही, कारण शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरतो. चाचणीचे क्रमांक बनवणाऱ्यांकडून मागून घ्या आणि मग त्यातलाच एक आकडा मुद्दाम चुकवा. आयएफएससीत, म्हणजे बँकेच्या शाखेच्या कोडात, ११ अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्य. मुलं तिथे हमखास 'ओ' लिहितात. तुम्हीही लिहा. उत्पन्नाची मर्यादा काठावर तपासायची: केंद्राच्या अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला वर्षाला २,५०,००० रुपयांपर्यंत चालतं, तर २,४९,९९९, २,५०,००० आणि २,५०,००१ असे तीन अर्ज भरा. मधला अडकला, तर कोणीतरी 'पर्यंत'ऐवजी 'पेक्षा कमी' लिहून ठेवलंय.

दुपारनंतर लॅपटॉप मिटा. वायफाय बंद करून स्वतःच्या मोबाइलवर बसा. सत्तरी तालुक्यातली मुलगी कदंबाच्या बसमध्ये बसून फॉर्म भरते, घाटात रेंज जाते. भरलेलं राहतं का? दाखल्याचा फोटो मोबाइलने काढा, तो तीन-चार एमबीचा होतो. प्रणालीला हवा २०० केबीचा. 'अपलोड अयशस्वी' एवढंच आलं तर ती चूक म्हणून लिहा, कारण फाइल मोठी आहे हे मुलीला कळणार कसं? फाइलला 'उत्पन्नदाखला' असं मराठीत नाव देऊनही चढवून बघा. ओटीपी मुद्दाम उशिरा टाका. आमच्याकडे कितीतरी घरांत आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, आणि वडील तारवटी, बोटीवर. ओटीपी तिकडे समुद्रात आणि पोरगं इकडे काउंटरवर.

शेवटच्या तारखेची गंमत मला माहीत नव्हती, आमच्या गटातल्या एका पोराने दाखवली. सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा ग्रीनिचप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. '३१ तारीख' म्हणून तिथे ३१ चे शून्य वाजलेले नोंदवले, तर आपल्याकडे त्या दिवशी पहाटे साडेपाचलाच दार बंद. शेवटचा दिवस अख्खा गेला! म्हणून चाचणीची तारीख पुढेमागे करून मागा आणि सकाळी सहाला, रात्री ११:५९ ला असे अर्ज पाठवा.

पण सगळ्यात जास्त वेळ द्या तो परतीच्या वाटेला. इथे घाई करू नका. तुम्हीच विद्यार्थी व्हा, अर्ज पाठवा. मग कॉलेजच्या लॉगिनने तो उघडा आणि 'दाखला अस्पष्ट' म्हणून परत धाडा. मुलाला मेसेज जातो का? गेला तर त्यात कारण असतं का? त्याने दाखला बदलून पुन्हा पाठवला की अर्ज तुमच्या यादीत वर येतो, की जुन्या तारखेखाली गाडला जातो? दरम्यान मुलांची मुदत संपली असेल, तर दुरुस्ती करता येते का? आम्ही हे केलं तेव्हा दुरुस्त अर्ज मुलाला 'पाठवला' दिसत होता आणि माझ्या यादीत नव्हताच. कुणाच्याच यादीत नव्हता. चवथीच्या सुट्टीत असे पन्नास अर्ज अधांतरी लटकले असते, तर मुलं कुणाच्या टेबलावर येऊन रडली असती? माझ्याच.

पैसे कुठे जातात तेही बघा. आधारवरून जमा होणारी रक्कम फॉर्मात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. ती बँक कोणती, हे मुलाला पडद्यावर दिसायला हवं.

चूक सापडली की 'चालत नाही' असं लिहू नका, बनवणाऱ्या मुलांना काही उमगत नाही. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, कुठला फोन, किती वाजता, सोबत स्क्रीनशॉट. आणि 'दुरुस्त झालं' असा निरोप आला, तर ती जागा आणि तिच्या शेजारची जागा स्वतः पुन्हा तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या नावात ॲपॉस्ट्रॉफी छान बसला. मग मी आईच्या नावाच्या रकान्यात गेले, तीच डि'सोझा लिहिली. 'फक्त अक्षरे लिहावीत.'