खानापूरच्या घळी: नदीपात्रातून चालावं कसं, डोहात उतरावं कसं

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबीच्या आसपास पाण्याच्या वाटा फुटतात. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला वळते आणि खानापूर, मुनवळ्ळी, सौंदत्तीवरून पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते. म्हादईचा उगमही याच तालुक्यातला, देगावच्या रानातला. पण ती पश्चिमेला घाट कापत गोव्यात उतरते.

पोहायला निघालेल्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा. मलप्रभेचा ढाळ मंद आहे. डोह, मग उघडा कातळ, पुन्हा डोह असं पात्र आणि बहुतेक ठिकाणी काठाला गुरांची वाट. म्हादई आणि तिला मिळणारे व्हाळ, म्हणजे ओढे, थोड्याच अंतरात खूप खाली येतात. भिंती उभ्या, पाण्यात उतरायला जागा कमी आणि उतरल्यावर परत वर यायला त्याहून कमी. म्हणून चाल आणि पोहणं दोन्ही करायचं असेल तर मलप्रभेचं वरचं अंग धरा. म्हादईची घळ रीतसर परवानगी काढून वरून बघा. गवळी आणि चापोली या गावांमधला वज्रपोहा धबधबा त्याच नदीवरचा. तो डोळे भरून बघण्यासारखा आहे, पण त्याच्या पायथ्याशी उतरण्यासारखा नाही.

कधी जावं

जून ते सप्टेंबर नदीच्या वाटेला जाऊ नये. या दिवसांत तालुक्यातल्या धबधब्यांवर जायला बंदीचे आदेशही निघतात आणि ते पाळावेत. जांबोटीजवळ हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातच मारुतीचं देऊळ आहे. दरवर्षी पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं आणि त्याची बातमी बेळगावच्या पेपरात येते. ती आली की वरच्या अंगाचा प्रत्येक व्हाळ भरून वाहतोय असं धरून चाला. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा भरवसा नसतो.

दिवाळी उलटली की पाणी निवळतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला: धार चालू असते, तळ दिसतो, जळवा कमी झालेल्या असतात. फेब्रुवारीनंतर धार तुटत जाते, डोहातलं पाणी साचून हिरवट होतं, गुरं त्यातच बसतात. असल्या पाण्यात डोकं बुडवू नका. एप्रिल-मे महिन्यांत वळीव दुपारनंतर अचानक येतो आणि कोरड्या व्हाळात बघता बघता गढूळ लोंढा उतरतो.

थंडीत घळीत ऊन उशिरा पोचतं आणि लवकर निघून जातं. पोहण्याची वेळ साधारण ११ ते २.३० धरा. सावलीतलं पाणी अंगाला चांगलंच झोंबतं. एका वेळी १० ते १५ मिनिटांपेक्षा जास्त राहू नका. दात वाजायला लागायच्या आधी, बोटांनी गाठ सोडवणं जड जायला लागलं की बाहेर या. गार पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही पाणी पितो. म्हणून आधी पाय, मग कंबर, मग मानेवर दोन ओंजळी पाणी, आणि श्वास ताळ्यावर आला की मगच पोहायला सुरुवात.

परवानगी

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं आणि म्हादईच्या वरच्या खोऱ्याचा मोठा भाग त्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही वनखात्याला न विचारता पात्रात उतरू नका. किती जण, कोणती वाट, किती वाजता परत, एवढं कागदावर लिहून द्या आणि त्याची एक प्रत घरच्यांकडे ठेवा. गावातला जाणता माणूस वाटाड्या म्हणून घ्या. कोणत्या डोहात गेल्या पावसात झाड येऊन अडकलंय, कुठे अस्वल पाण्यावर येतं, हे नकाशावर नसतं, ते त्यालाच ठाऊक. जांबोटी सोडली की मोबाइलची रेंज बेभरवशाची होते. नकाशा आधीच उतरवून घ्या. मदतीसाठी ११२ आणि अँब्युलन्ससाठी १०८ हे नंबर लागायला रस्त्यापर्यंत किती वेळ लागेल, त्याचा अंदाज निघण्याआधीच घेऊन ठेवा.

भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहांकडे मात्र वळू नका. राऊटनचं वटवाघूळ ही जगातली दुर्मिळ जात तिथे राहते. माणसांच्या गलक्याने ती वसाहत विस्कटते.

डोह कसा निवडायचा

बहुतेक जण पाणी बघून डोह निवडतात. निवडायचा तो बाहेर पडण्याची जागा बघून. उडी मारायला कातळ सगळीकडे असतो; भिजलेल्या, दमलेल्या, थंडीने बोटं आखडलेल्या माणसाला वर येता येईल असा काठ क्वचित असतो.

पोचल्यावर कपडे काढण्याआधी काठाने खालच्या अंगाला निदान १०० मीटर चालत जा. पाणी पुढे कुठे जातंय ते बघा. उडी घेतंय, दोन कातळांमध्ये आवळतंय की आडव्या पडलेल्या झाडातून नाहीतर बांबूच्या जाळीतून गाळलं जातंय? यातलं काहीही दिसलं तर तो डोह सोडा. आडव्या झाडातून पाणी निघून जातं, माणूस अडकतो, आणि मागून येणाऱ्या धारेचा जोर त्याला तिथेच दाबून धरतो.

मग बाहेर यायच्या दोन जागा ठरवा: एक उतरता तिथेच, दुसरी तिच्या खालच्या अंगाला १५-२० मीटरवर. जागा म्हणजे गुडघाभर पाणी, खाली वाळू किंवा खडबडीत कातळ, आणि दोघांना उभं राहता येईल एवढी रुंदी. दुसऱ्या जागेवर पोहायला न उतरणारा एक माणूस दोर घेऊन बसवा.

ओढ मोजायची रीत सोपी आहे. काठावर १० मीटर अंतर पावलांनी मोजा, वरच्या टोकाला सुकं पान सोडा आणि सेकंद मोजा. २० सेकंदांच्या वर लागले तर पाणी संथ. १० ते २० मध्ये असेल तर फक्त पट्टीच्या पोहणाऱ्याने, जॅकेट घालूनच. १० सेकंदांच्या आत पान पोचलं तर पोहणं नाही. हे मधल्या धारेत मोजा, कडेला नव्हे. कडेचं पाणी नेहमी संथ दिसतं.

खोली दोन मीटरच्या बांबूने चाचपा. निवळशंख पाण्यात तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, त्यामुळे नजरेचा अंदाज चुकतो. उलट फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते आणि तिथे शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. धबधब्याच्या पायथ्याला पडणारं पाणी खाली जाऊन पुन्हा धारेकडेच वळतं आणि पोहणाऱ्याला आत खेचत राहतं. धबधब्याच्या उंचीइतकं तरी अंतर राखून पोहा. वरून दगड आणि फांद्याही येतात.

कातळातले रांजणखळगे हा इथला खास धोका. पुराच्या भोवऱ्यात गोटे फिरून फिरून कातळात गोल भोकं पाडतात. तोंड हातभर, खोली पुरुषभर असे खळगे पाण्याखाली झाकलेले असतात. पाय आत गेला की गुडघा किंवा घोटा मुरगळतो, आणि वाहत्या पाण्यात तेवढंच पुरतं.

गावच्या विहिरीत डबा नाहीतर सुका भोपळा पाठीला बांधून शिकलेले पोहणारे दमाचे असतात, पण विहिरीचं पाणी उभं असतं. उडी मारली तिथेच माणूस वर येतो. नदीत उडी एका जागी आणि डोकं दुसऱ्याच जागी वर येतं. डोक्याकडून सूर तर मारायचाच नाही. उभी उडी मारायची झाली तर कंबरेएवढ्या उंचीवरूनच, तीही तो तळ बांबूने आणि स्वतः पोहून तपासल्यावर. दारू पिऊन किंवा भरपेट जेवून पाण्यात उतरू नका.

बूट आणि सामान

चपला आणि पाठीमागे पट्टा नसलेले फ्लोटर घरी ठेवा. मऊ रबरी तळव्याचे, घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे बूट चालतात, पाणी चटकन सोडतात. काळा चकचकीत ओला कातळ कुठलाच बूट धरत नाही. तिथे बुटावरून जुने लोकरी मोजे चढवले तर शेवाळावर पकड येते. हा उपाय स्वस्त आहे आणि खरोखर लागू पडतो.

पाचसहा जणांमागे एक तरंगणारा दोर, १५ ते २० मीटर लांब आणि ८ ते १० मिलिमीटर जाडीचा. सुती दोर भिजला की बुडतो. पोहणाऱ्या प्रत्येकाला ७० न्यूटनचं लाइफ जॅकेट, छातीचे आणि मांडीमधले पट्टे आवळलेले. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येतं. जॅकेट नसेल तर पोहणं नको, पाय सोडून बसा. पाच लिटरचा रिकामा, घट्ट बुचाचा कॅन दोराच्या टोकाला बांधून ठेवा. तो लांब फेकता येतो आणि धरणाऱ्याला पाच किलोचा उचल देतो. माणशी ३ लिटर प्यायचं पाणी, कोरडे कपडे आणि बॅटरी जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत, शिट्टी गळ्यात. एकूण वजन ५-६ किलोंच्या वर जाऊ देऊ नका.

पात्रातून चालताना

घाई करणारा घसरतो. एक पाय टेकवून त्यावर थोडंसं वजन द्या, टिकला तर दुसरा उचला. सुका करडा कातळ सुरक्षित, ओला काळा नाही, आणि ऊन-सावलीच्या कडेवर दोन्ही सारखेच दिसतात. धबधब्याच्या माथ्यावर ओल्या कातळाच्या दहा फुटांत फोटोसाठीही जाऊ नये. २०२२ च्या नोव्हेंबरात बेळगावच्या चार मुली सीमेवरच्या किटवाड धबधब्यावर पाण्यात पडून बुडाल्या. तेव्हा पावसाळा संपलेला होता.

धार ओलांडायची तर पसरट, उथळ जागा शोधा; अरुंद जागा जवळची वाटते पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान असतं. पिशवीचे छातीचे-कंबरेचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकता येईल. तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे टेकलेली, आणि पाय न उचलता सरकवत बाजूने जा. पाणी गुडघ्याच्या वर आणि पान १० सेकंदांत १० मीटर जाणारं असेल तर मागे फिरा.

वाहून गेलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. दोन दगडांमध्ये पाऊल अडकतं आणि धार अंगाला पालथं पाडते. उताणे व्हा, पाय पुढे, बोटं पाण्याच्या वर, आणि हातांनी तिरकं काठाकडे या. ढुंगण तळाला लागलं की मगच उठा. काठावरच्यांनी आधी काठी, मग दोर आणि कॅन द्यावा. पोहत मागे जाऊ नये. बुडणाऱ्याला धरायला गेलेला दुसरा माणूसही बुडतो, हे दर वर्षीच्या बातम्यांत दिसतं. दोर हाताला किंवा कंबरेला कधी बांधू नका.

पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा आणि दर १५ मिनिटांनी बघा. बेळगावात कडक ऊन असताना कणकुंबीला पाऊस कोसळत असतो. पाणी चार बोटं चढलं, रंग गढूळ झाला, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या किंवा नदीचा आवाज जड झाला, तर सामान सोडून ज्या काठाने घरची वाट आहे त्याच काठाला उंचावर जा.

धरणाखालच्या नद्यांचा हिशेब वेगळा. जोयड्याकडे गणेशगुडीला सुपा धरणाच्या वीजघरातून पाणी सुटलं की काळी नदी पाऊस नसतानाही भरून येते, आणि दांडेलीच्या पट्ट्यात मगरी आहेत. कृष्णेतही मगरी आहेत. घटप्रभेवर गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंच आहे. तो झुलत्या पुलावरून बघा, पात्रात उतरू नका.

परत आल्यावर अंग पुसताना काखा, जांघा, कानामागे आणि गुडघ्यामागे गोचिडी शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका, जाळू नका. या पट्ट्यात गोचिडीतून होणारा माकडताप आढळलेला आहे आणि त्याचा मोसम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका नदीवर जायचाच. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर लांबून वळा आणि वनखात्याला कळवा. पुढच्या आठवड्याभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा, की खानापूरच्या जंगलात जाऊन आलो आणि गोचीड चावली होती.